पोर्टस्मथच्या गोदीतील संग्रहालय
(प्राथमिक शिक्षकांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



इतिहासाच्या तासाला राजाचे नाव येते, सेनापतीचे नाव येते, लढाईचे साल येते. परंतु त्या लढाईच्या आदल्या रात्री सैनिकांसाठी कोणी रांधले, त्यांच्या पायांत कसले जोडे होते, त्यांच्या डोक्यांत उवा होत्या की नव्हत्या, असा प्रश्न एखाद्या धीट मुलाने विचारला तर शिक्षकाची पंचाईत होते. हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हे. वास्तविक तो इतिहासाचा अगदी मुळातला प्रश्न होय. पुस्तकांत त्याचे उत्तर सहसा सापडत नाही, कारण आचाऱ्याची व खलाशाची नोंद ठेवण्याचे कारण दरबारी लेखकांना वाटले नाही. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टस्मथ या बंदरात मात्र एक जागा अशी आहे, की जेथे या प्रश्नाचे उत्तर हाताच्या अंतरावर मांडून ठेवलेले आढळते. ती जागा म्हणजे तेथील जुन्या आरमारी गोदीतील संग्रहालय.

गोदी म्हणजे काय, हे ज्या मुलांनी समुद्र पाहिलेला नाही त्यांना समजावून सांगावे लागते. जहाजाच्या बुडाची डागडुजी पाण्यात करता येत नाही. म्हणून किनाऱ्याला दगडी भिंतींचा एक मोठा हौद खोदतात, भरतीच्या पाण्याबरोबर जहाज त्यात आणतात, मागचा दरवाजा बंद करून पाणी काढून टाकतात आणि जहाज टेकूंवर कोरडे उभे राहते. यालाच सुकी गोदी म्हणतात. पोर्टस्मथला सातव्या हेन्रीच्या आज्ञेने १४९५ मध्ये अशी गोदी बांधण्यात आली. तेव्हापासून तेथे जहाजे बांधण्याचे व दुरुस्त करण्याचे काम चालत आले. आपल्या मुंबईच्या गोदीतील पहिली सुकी गोदी १७५० मधली आहे. मुंबईच्या गोदीशी पोर्टस्मथचा संबंध कसा जुळला, ते पुढे येईलच.

अशा कामाच्या जागी संग्रहालय कसे निर्माण झाले? ते कोणा राजाच्या इच्छेने झाले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी जुनी शिडाची जहाजे मोडीत निघत होती. त्यांच्या गलहीवरील कोरीव लाकडी मूर्ती, जुनी हत्यारे, जहाजांचे नमुने, अशा वस्तू गोदीच्या आवारात अडगळीसारख्या पडून असत. गोदीच्या अधिकारी ॲडमिरलचे चिटणीस मार्क एडविन पेस्कॉट फ्रॉस्ट यांनी या वस्तू जमा करण्याचा उद्योग आरंभला आणि १९११ मध्ये त्यांतून गोदीचे एक छोटे संग्रहालय उभे राहिले. ज्याचे रोजचे काम टपाल पाहण्याचे व टिपणे लिहिण्याचे, अशा एका चिटणिसाच्या नजरेला जे दिसले ते मोठमोठ्या दर्यावर्दींना दिसले नव्हते. आज इंग्लंडच्या राजनौदलाचे जे राष्ट्रीय संग्रहालय आहे, त्याचा उगम हा असा अडगळीत आहे.

या गोदीत येणारा प्रेक्षक सर्वप्रथम 'व्हिक्टरी'कडे वळतो. या जहाजाचा कणा, ज्याला आपल्याकडील जहाजबांधणारे 'पठाण' म्हणतात, तो १७५९ मध्ये चॅटम येथे बसवला गेला व १७६५ मध्ये ते पाण्यात उतरले. त्याला सुमारे सहा हजार झाडे लागली आणि त्यांतील बहुतेक ओकची होती. त्यावर १०४ तोफा. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रफाल्गरच्या लढाईत याच जहाजाच्या तक्त्यावर नेल्सनला गोळी लागली, आणि ती जागा पितळी पट्टी बसवून दाखवलेली आहे. हे सर्व प्रवासवर्णनांतून आलेले असल्यामुळे येथे लांबवण्याचे कारण नाही. शिक्षकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे ते पुढेच आहे. १९२२ पर्यंत हे जहाज बंदराच्या पाण्यात कुजत होते. त्या वर्षी लोकांकडून निधी गोळा करून ते सुक्या गोदीत कायमचे घेण्यात आले आणि १९२८ पर्यंत त्याला जुने रूप देण्यात आले. १९४१ मध्ये शत्रूचा बाँब त्या गोदीतच पडला, जहाज वाचले. परंतु पाण्यावर तरंगण्यासाठी बांधलेले जहाज कोरड्या जमिनीवर टेकूंवर उभे राहिले, की त्याचे वजन ठराविक जागी पडते आणि हळूहळू लाकूड खचते. ओकला कीड लागते, पावसाचे पाणी सांध्यांतून आत जाते. म्हणून नव्या रचनेचे १३४ टेकू देण्यात आले आणि २०२२ मध्ये दहा वर्षांहून अधिक काळ चालणाऱ्या मोठ्या दुरुस्तीस प्रारंभ झाला. जतन करणे हे एकदा करून संपणारे कार्य नव्हे, हे 'व्हिक्टरी'भोवतालची परातच बोलून दाखवते.

'व्हिक्टरी'च्या अगदी शेजारच्या गोदीत एका दुसऱ्या जहाजाचा अर्धा भाग आहे. त्याचे नाव 'मेरी रोज'. पूर्ण जहाजापेक्षा या अर्ध्या जहाजाने अधिक शिकवले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

'मेरी रोज' पोर्टस्मथलाच १५१० व १५११ या वर्षांत बांधली गेली. आठव्या हेन्रीच्या आरमारात तिने चौतीस वर्षे काढली. १९ जुलै १५४५ रोजी फ्रेंच आरमार पोर्टस्मथसमोरच्या सोलेंट नावाच्या खाडीत चालून आले असता, ती त्याला तोंड देण्यासाठी बाहेर पडली आणि किनाऱ्यावरच्या साउथसी किल्ल्यातून राजा पाहत असताना उजव्या अंगावर कलंडून बुडाली. जहाजावर सुमारे पाचशे माणसे होती. वाचली ती पस्तिसांहूनही कमी. शत्रूला चढता येऊ नये म्हणून वरच्या तक्त्यावर ताणलेल्या जाळ्यांनीच आपली माणसे कोंडली. ती का बुडाली? फ्रेंच म्हणाले, आमच्या तोफांनी. इंग्रजांकडील वृत्तांत सांगतो, की वळताना वाऱ्याचा झोत आला आणि खालच्या तक्त्यावरील तोफांच्या खिडक्या उघड्या असल्यामुळे पाणी आत शिरले. एकाच घटनेचे दोन वृत्तांत जुळत नाहीत, ही गोष्ट मुलांपासून लपवण्याचे कारण नाही. उलट, दोन साक्षीदार दोन गोष्टी सांगतात तेव्हा तिसरा साक्षीदार शोधावा लागतो, हे त्यांना येथेच कळते. तो तिसरा साक्षीदार चिखलात पडून राहिला होता.

उजव्या कुशीवर पडलेले जहाज तळाच्या मऊ गाळात रुतले. वर राहिलेली डावी बाजू प्रवाहाने झिजवली आणि लाकूड पोखरणाऱ्या सागरी किड्यांनी खाल्ली. उजवी बाजू गाळाखाली गेली. गाळात प्राणवायू पोहोचत नाही. आणि जेथे प्राणवायू नाही तेथे ती कीडही जगत नाही व कुजण्याची क्रियाही जवळजवळ थांबते. शेतकऱ्याच्या मुलाला हे नवीन नाही. जमिनीच्या तोंडाशी कुजून तुटलेल्या खांबाचे खोलवर ओल्या मातीत राहिलेले टोक कित्येकदा शाबूत निघते, हे त्याने पाहिलेले असते. अशा रीतीने चारशेहून अधिक वर्षे समुद्राने अर्धे जहाज, त्यातील सामानासुमानासह, जपून ठेवले.

मध्यंतरी एकदा त्याला धक्का लागला. १८३६ मध्ये कोळ्यांची जाळी तळाशी कशात तरी अडकू लागली. जॉन व चार्ल्स डीन हे दोघे भाऊ तेव्हा नव्या प्रकारचे शिरस्त्राण घालून पाण्यात उतरण्याचा धंदा करीत. ते खाली गेले व त्यांनी तोफा, धनुष्ये आणि लाकडे वर आणली. तोफांची त्यांनी चित्रे काढून घेतली, एवढे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण पुष्कळ वस्तू विकल्या गेल्या आणि लाकडाच्या तुकड्यांपासून आठवण म्हणून ठेवण्याच्या जिनसा घडवल्या गेल्या. कोणती वस्तू जहाजाच्या कोणत्या भागात, कशाशेजारी पडली होती, हे कोणी लिहून ठेवले नाही. पुढे ती जागाही विस्मरणात गेली.

१९६५ मध्ये ॲलेक्झांडर मकी या लेखकाने पाणबुड्या हौशी मंडळींना घेऊन शोध पुन्हा आरंभला. १९६७ मध्ये ध्वनिलहरींच्या यंत्राने तळाखाली काहीतरी असल्याची खूण मिळाली आणि १९७१ मध्ये वादळाने गाळ हलल्यावर जहाजाच्या बरगड्या उघड्या पडल्या. त्यानंतर मार्गारेट रूल या पुरातत्त्वज्ञ बाईंच्या देखरेखीखाली उत्खनन झाले. पाण्याखालचे काम नीट तपासता यावे म्हणून त्या वयाच्या चाळिशीनंतर बुडी मारण्यास शिकल्या. १९७९ ते १९८२ या काळात पाचशेहून अधिक स्वयंसेवक पाणबुड्यांनी सुमारे अठ्ठावीस हजार बुड्या मारल्या. त्या गढूळ पाण्यात, हाताने गाळ बाजूस सारीत, प्रत्येक वस्तूची जागा मोजून, चित्र काढून, क्रमांक देऊन ती वर आणली गेली. एकोणीस हजारांहून अधिक वस्तू अशा रीतीने नोंदवल्या गेल्या.

डीन बंधू आणि मार्गारेट रूल यांच्या कामातील फरक शाळेतील शिक्षकाने विशेष ध्यानात घ्यावा असा आहे. अनेक शाळांच्या कपाटांत जुन्या वस्तू असतात. मेट्रिक मापे आल्यावर निरुपयोगी ठरलेली एखादी पायली किंवा मापटे, गंजलेला कंदील, जुनी पाटी. ती पायली कोणाच्या घरातून आली, कोणत्या गावची, तिने भात मोजत की ज्वारी, हे चिठ्ठीवर लिहिलेले नसेल, तर ती पायली मुकी आहे. तिला बोलते करणारी म्हातारी माणसे गावात असतात तोवरच ही चिठ्ठी लिहिता येते.

आता जहाज वर काढण्याची कथा. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी पोलादी चौकटीला टांगलेले ते अर्धे जहाज प्रचंड यारीने समुद्राबाहेर उचलले गेले. कोट्यवधी लोक दूरचित्रवाणीवर हे दृश्य पाहत होते. उचलता उचलता चौकटीचा एक कोपरा मोठा आवाज करीत खाली घसरला. पाहणाऱ्यांचे श्वास रोखले गेले. परंतु जहाज वाचले. त्या दिवसाचा जल्लोष संपला तेव्हा खरे काम सुरू झाले होते.

चारशे वर्षे पाण्यात राहिलेल्या लाकडाच्या सूक्ष्म पोकळ्यांत पाणीच भरलेले असते, आणि तेच त्या लाकडाला आकार देत असते. असे लाकूड उन्हात किंवा वाऱ्यावर वाळू दिले तर ते आक्रसते, पिळवटते आणि फुटते. मोरावळा करणाऱ्या गृहिणीला यातील मर्म चटकन कळेल. आवळा नुसता वाळवला तर सुरकुततो. पाकात मुरवला तर त्याच्यातल्या पाण्याची जागा पाक घेतो आणि तो टपोरा राहतो. येथेही तेच करावयाचे होते. १९९४ पर्यंत बारा वर्षे जहाजावर थंड, स्वच्छ पाण्याचे फवारे चालू ठेवले गेले, म्हणजे ते वाळूही नये व त्यावर बुरशीही चढू नये. नंतर पाण्याऐवजी पॉलिएथिलीन ग्लायकॉल नावाच्या मेणासारख्या पदार्थाचे द्रावण फवारण्यात आले. ते लाकडात मुरत राहिले एकोणीस वर्षे. २०१३ च्या एप्रिलमध्ये फवारे थांबवण्यात आले. मग सावकाश, मोजूनमापून, लाकूड सुकवण्यात आले, आणि २०१६ मध्ये जहाज व प्रेक्षक यांमधील आडपडदे दूर झाले. १९८२ साली पाणबुड्यांमध्ये जे विशीचे होते, ते तोवर पन्नाशी ओलांडून गेले होते. पंचवार्षिक योजनांच्या हिशेबाने विचार करण्याची सवय झालेल्या मनाला हा काळ फार वाटेल. परंतु घाई केली असती तर हाती लाकडाचा भुगा राहिला असता.

नवे संग्रहालय जहाजाभोवतीच बांधलेले असून ते २०१३ च्या मे महिन्यात उघडले. त्याची मांडणी फार विचारपूर्वक केलेली आहे. प्रेक्षक मधल्या वाटेने चालतो. एका हाताला जहाजाची वाचलेली उजवी बाजू, तक्त्यांच्या मजल्यांसह. दुसऱ्या हाताला, जणू आरशातले प्रतिबिंब असावे तशी, त्या त्या मजल्यावर त्या त्या जागी सापडलेली वस्तू. तोफ होती तेथे तोफ, कोठार होते तेथे पिंपे, सुताराच्या खोलीत सुताराची हत्यारे. नोंदी नेमक्या ठेवल्या होत्या म्हणूनच ही मांडणी शक्य झाली.

तेथे रंधे आहेत, मापपट्ट्या आहेत, सुताराच्या खोलीतला सोंगट्यांचा पट आहे. शस्त्रवैद्याची पेटी आहे. तिच्यात साठांहून अधिक वस्तू. करवतीचे व चाकूंचे लोखंड गंजून नाहीसे झाले, लाकडी मुठी तेवढ्या राहिल्या. मलमाच्या डब्यांत मलम तसेच होते. ऐंशीच्या वर फण्या आहेत, आणि त्यांतील काहींच्या दातांत उवा-लिखांचे अवशेषही सापडले. म्हणजे आरंभीच्या त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. चामडी जोडे आहेत, काही घासून झिजलेले, काहींना दुखऱ्या बोटासाठी मुद्दाम कापून जागा केलेली. मिरीचे दाणेही सापडले. त्या काळी युरोपात मिरी मलबारातून व पूर्वेकडील बेटांतून जाई. इंग्लंडचा एकही व्यापारी हिंदुस्थानच्या किनाऱ्यास लागला नव्हता, तेव्हा इंग्लंडच्या जहाजावर मिरी होती. भूगोलाच्या तासाला हा एक दाणा पुरेसा आहे.

धनुष्ये तर दीडशेहून अधिक मिळाली आणि बाण साडेतीन हजारांवर. तोफा असलेल्या जहाजावर धनुष्ये कशाला, असा संभ्रम पडतो. परंतु एक युग संपून दुसरे लगेच सुरू होते, ही केवळ पाठ्यपुस्तकातील सोय आहे. माणसाच्या उंचीहून मोठी, यू नावाच्या वृक्षाच्या लाकडाची ही धनुष्ये ओढण्यास विलक्षण बळ लागे, आणि ते लहानपणापासूनच्या सरावाने येई. सापडलेल्या काही सांगाड्यांचे खांदे व पाठीचे मणके या सततच्या ताणाने बदललेले दिसतात. ज्यांच्या नावाची ओळ कोठे नाही त्यांचा पेशा त्यांच्या हाडांवर लिहिलेला आढळला. किमान १७९ माणसांचे अवशेष मिळाले; त्यांत बहुसंख्य तरुण होते, आणि पोरवयाची मुलेही होती. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठ जणांच्या दातांची रासायनिक तपासणी करण्यात आली. दात घडतात बालपणी, म्हणून त्या वेळी प्यालेल्या पाण्याची व खाल्लेल्या अन्नाची खूण त्यांत राहते. त्यांतील काहींचे बालपण इंग्लंडात नव्हे, तर दक्षिणेकडील उबदार प्रदेशांत गेले असावे, असे आढळले. राजाचे म्हणून ओळखले जाणारे आरमार अनेक देशींच्या मजुरांनी चालत होते.

एक कुत्राही सापडला. तो सुताराच्या खोलीच्या दाराजवळ होता. त्याचा सांगाडा संग्रहालयात आहे आणि लहान मुले सर्वांत अधिक वेळ तेथेच थबकतात, यात आश्चर्य नाही.

या सर्व वस्तूंत एक लाकडी वाडगा आहे. बुडाच्या मजल्यावर विटांच्या चुली व मोठे तांब्याचे पातेले असलेले स्वयंपाकघर होते. त्या भागातल्या या वाडग्यावर चाकूने ओबडधोबड अक्षरे कोरली आहेत: 'नी कोप, आचारी'. तेच नाव एका चंबूच्या झाकणावरही आहे. बुडालेल्या शेकडो माणसांपैकी अधिकारी सोडले तर नावाने ओळखता येण्यासारखी माणसे अत्यल्प. आणि त्यांतील हा एक, की ज्याने आपला वाडगा दुसऱ्याने उचलू नये एवढ्याच साध्या हेतूने त्यावर नाव घातले. पाटीवर, दप्तरावर, बाकाच्या कडेवर नाव कोरणाऱ्या विद्यार्थ्यास शिक्षा करण्यापूर्वी शिक्षकास या आचाऱ्याची आठवण व्हावी.

गोदीच्या आवारात आणखीही पाहण्यासारखे आहे. शिडाच्या जहाजाला कप्प्या फार लागत. चौऱ्याहत्तर तोफांच्या एका जहाजाला सुमारे हजार. विहिरीवरील कप्पी जिने पाहिली आहे त्या मुलीला हे सहज उमजेल. त्या सर्व हातांनी घडवाव्या लागत. मार्क ब्रुनेल यांनी योजलेली व हेन्री मॉडस्ली यांनी बनवलेली यंत्रे १८०३ नंतरच्या काही वर्षांत येथील कारखान्यात बसवण्यात आली, आणि ११० कारागिरांचे काम दहा माणसे करू लागली. १८०८ मध्ये १,३०,००० कप्प्या निघाल्या. यंत्रांनी यंत्रांसारखेच एकसारखे भाग मोठ्या संख्येने घडवण्याचा हा अगदी आरंभीचा प्रयोग होता. उरलेल्या शंभर कारागिरांचे काय झाले, हा प्रश्न विद्यार्थ्याने विचारला तर तोही रास्तच समजावा.

आता मुंबईच्या संबंधाकडे वळले पाहिजे. नेपोलियनशी झालेल्या दीर्घ युद्धांमुळे इंग्लंडात जहाजजोगा ओक दुर्मिळ झाला होता. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील पारशी कारागीर मलबारच्या सागाची जहाजे बांधीत. सागाला कीड सहसा लागत नाही आणि त्यातील तेलामुळे लोखंडी खिळे ओकमध्ये गंजतात तसे गंजत नाहीत. इंग्रजी नौदलाने एका लढाऊ जहाजाची मागणी मुंबईस नोंदवली. त्याचे नकाशे घेऊन निघालेले 'जावा' हे जहाज १८१२ च्या डिसेंबरात अमेरिकनांशी झालेल्या लढाईत नष्ट झाले. तेव्हा दुसरी प्रत पाठवावी लागली. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी १८१६ मध्ये पारशी रिवाजाप्रमाणे चांदीचा खिळा ठोकून पठाण बसवले आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी 'त्रिंकोमाली' मुंबईच्या पाण्यात उतरली. १८१९ च्या एप्रिलमध्ये ती पोर्टस्मथला पोहोचली. तोवर युद्धे संपली होती. तिची गरज उरली नव्हती. वर छप्पर घालून तिला पंचवीसएक वर्षे बांधून ठेवण्यात आले. पुढे काही काळ तिने समुद्रफेऱ्या केल्या, आणि १८९७ मध्ये मोडीत निघण्याच्या वेळी व्हीटली कॉब नावाच्या गृहस्थाने तिला विकत घेऊन मुलांच्या शिक्षणासाठी ठेवले. तिचे नाव बदलून 'फूद्रुआयाँ' असे करण्यात आले.

१९३२ मध्ये ही मुंबईची सागवानी नौका पुन्हा पोर्टस्मथला आली. तिच्याबरोबर कॉब यांच्याकडील आणखी एक जुने जहाज होते, 'इम्प्लॅकेबल'. ते मूळचे फ्रेंच. ट्रफाल्गरच्या लढाईत ते 'व्हिक्टरी'च्या विरुद्ध बाजूला लढले होते आणि थोड्याच दिवसांत इंग्रजांच्या हाती सापडले होते. बंदरात दोन्ही जहाजांवर शाळकरी मुले राहत, झोळ्यांत निजत, तक्ते घासत, वल्ही मारण्यास शिकत. दुसऱ्या महायुद्धानंतर 'इम्प्लॅकेबल' फार जीर्ण झाले. दुरुस्तीचा खर्च कोणाला पेलेना. फ्रान्सनेही ते घेतले नाही. २ डिसेंबर १९४९ रोजी इंग्लंड व फ्रान्स या दोन्ही देशांचे ध्वज लावून ते पोर्टस्मथहून समुद्रात ओढत नेण्यात आले आणि सुरुंग लावून बुडवण्यात आले. स्फोट झाल्यावरही त्याचा वरचा भाग बराच वेळ पाण्यावर तरंगत राहिला. ट्रफाल्गरच्या लढाईतील दोनच जहाजे जगात उरली होती. त्यांतील एक अशा प्रकारे गेले. त्याच्या पिछाडीचा कोरीव भाग व गलहीवरील मूर्ती तेवढी ग्रिनिचच्या संग्रहालयात आहे. या घटनेची चुटपुट अनेक इंग्रजांना लागून राहिली आणि त्यानंतरच्या काळात जुनी जहाजे राखण्याची चळवळ तेथे बळावली. पोर्टस्मथला आज जी लोखंडी 'वॉरियर' दिसते, तीही या बदललेल्या दृष्टीमुळेच. १८६० मध्ये पाण्यात उतरलेले हे चिलखती जहाज पन्नास वर्षे वेल्समध्ये तेल उतरवण्याचा धक्का म्हणून वापरात होते. १९७९ मध्ये ते उत्तरेकडील हार्टलपूल येथे नेऊन आठ वर्षे दुरुस्त करण्यात आले आणि १९८७ मध्ये पोर्टस्मथला आणले गेले.

मुंबईच्या नौकेवरील मुलांची शाळा १९८६ पर्यंत चालली. पुढच्या वर्षी तिला हार्टलपूलला नेण्यात आले, आणि 'वॉरियर'वर हात बसलेल्या कारागिरांनीच तिची दुरुस्ती हाती घेतली. १९९२ मध्ये तिला तिचे मूळचे नाव परत देण्यात आले. दुरुस्ती पूर्ण होण्यास २००१ उजाडले. 'व्हिक्टरी' कोरड्या गोदीत टेकूंवर उभी आहे, 'मेरी रोज' काचेआड आहे. 'त्रिंकोमाली' मात्र हार्टलपूलच्या गोदीत अजून पाण्यावर तरंगते, आणि तिच्या बुडाशी मलबारच्या सागाच्या फळ्या आहेत.